पांढऱ्या फुलाचा रविवार

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळाच्या दाराशी दोन टोपल्या ठेवतात. एकीत लाल गुलाब असतात, दुसरीत पांढरे. ज्याची आई जिवंत आहे त्याने लाल घ्यायचं, ज्याची देवाघरी गेली त्याने पांढरं. दाराशी उभ्या असलेल्या महिला मंडळाच्या बाया ते टाचणीने छातीवर लावून देतात, मग आत जाऊन बसायचं. ही पद्धत कोणी पाडली ते मला ठाऊक नाही. मिशनच्या काळातल्या एखाद्या मडमेने पाडली असावी. लहानपणी मला ती फार आवडायची. बाकावर बसून मागे वळून पाहिलं की या वर्षी कोणाच्या लालाचं पांढरं झालं ते दिसायचं, आणि त्या माणसाकडे बघून उगीच हळहळ वाटायची. माझी आई ठणठणीत होती. दुसऱ्याच्या दुःखावर हळहळणं तेव्हा परवडत होतं.

लग्न झालं तेव्हा मी तिशीला टेकले होते. वडील अंथरुणाला खिळलेले, पाठची भावंडं शिकायची, अशात माझी वर्षं गेली. नाशिक रोडला प्रेसमध्ये नोकरीला असलेल्या एका गृहस्थांचं स्थळ पाळकसाहेबांनी आणलं. त्यांची बायको काविळीने गेली होती. मुलगी दुसरीत होती, मुलगा अजून बोबडं बोलत होता. पाळकसाहेब आमच्या घरी चहाला आले आणि माझ्या आईला म्हणाले, "त्या लेकरांना आई हवी आहे." त्या माणसाला बायको हवी आहे, असं कोणी म्हटलं नाही. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी तो आई शब्द तेवढा ऐकला आणि पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

त्यांच्या पहिल्या बायकोला मी ओळखत होते. आम्ही एकाच गायनमंडळात होतो. ती माझ्याहून थोडी मोठी, आवाज जाडसर, हसली की पूर्ण रांग हसायची. उपदेश लांबला की पदराआडून चिंच खायची आणि एकदा चिंचोका घशात अडकून तिला बाहेर न्यावं लागलं होतं. तापटही होती. गाण्याच्या मास्तरांशी भांडून महिनाभर आली नव्हती. मला ती आवडायची. तिच्या अंत्यविधीला मी मागच्या ओळीत उभी राहून गायले होते, आणि पुढच्या वर्षी तिच्याच स्वयंपाकघरात तिच्याच पोळपाटावर पोळ्या लाटत होते.

मुलं मला मम्मी म्हणू लागली. ते त्यांच्या आजीने ठरवलं. आजी म्हणजे गेलेलीची आई. एकुलती एक मुलगी गेलेली, नवरा आधीच वारलेला, घर आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्या आल्या, दोघांना जवळ घेतलं, भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "ही आई." मग माझ्याकडे बोट दाखवलं. "आणि ही मम्मी. कळलं?" मुलीने मान हलवली. मुलाने माझ्या साडीचा पदर तोंडात घातला.

मला वाटलं, शब्दच तर आहे. कितीतरी घरांत आईला मम्मीच म्हणतात.

त्या वर्षीच्या मे महिन्यात मी दोघांना नवे कपडे घालून देवळात नेलं. उन्हाने सिमेंटचा रस्ता तापला होता. मुलगा कडेवर होता. दाराशी आजीच उभ्या होत्या. महिला मंडळाच्या त्या तेव्हा अध्यक्ष होत्या. मुलाने लाल टोपलीत हात घातला आणि एक गुलाब मुठीत धरला. लाल रंग, पोर ते. आजींनी त्याची बोटं एकेक करून उघडली.

"ते नाही बाळा. तुझं पांढरं."

"मला हे!"

"तुझी आई देवाघरी गेली ना? मग पांढरं घ्यायचं."

त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग आजीकडे. "ही आहे ना पण," तो म्हणाला.

"ती मम्मी आहे," आजी म्हणाल्या आणि त्याच्या खिशाला पांढरं फूल टाचलं. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, "चला, पुढे चला, उपासना सुरू होतेय." आम्ही आत गेलो. माझ्या एका बाजूला पांढरं फूल, दुसऱ्या बाजूला पांढरं फूल, आणि मध्ये मी, माझ्या आईच्या नावाचं लाल लावून. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी सगळ्या आयांना उभं राहायला सांगितलं, त्यांच्यासाठी प्रार्थना करायला. मी उठू लागले. नवऱ्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. रागाने नाही, हळूच. पुढच्या बाकावर आजी बसल्या होत्या आणि त्यांना दिसलं असतं. मी बसून राहिले.

घरी आल्यावर मी त्यांना विचारलं, "मला का बसवलंत?"

"त्यांची जखम अजून ओली आहे," ते म्हणाले. "एखाद-दोन वर्षं जाऊ दे."

त्या जखमेवर खपली धरली की नाही, मला शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही. दर वर्षी मी बसूनच राहिले.

आमचं स्वतःचं मूल असावं की नाही यावरही एकदा बोलणं झालं. नवरा म्हणाला, "दोन आहेत की. आणखी एक आलं तर लोक म्हणतील, आता या दोघांकडे दुर्लक्ष होणार." मी हो म्हटलं. मला कोणी दम दिला नाही, दारं लावून कोंडलं नाही. आमच्याकडे सगळं शांतपणे, प्रार्थना करून ठरतं. मला वाटलं, मी एवढं सोडलं तर त्याच्या बदल्यात हे दोघं पुरते माझे होतील. असा सौदा मी कोणाशी केला होता, ते मला आजही सांगता येत नाही. समोर तर कोणी बसलेलं नव्हतं.

मुलाला दम्याचा त्रास होता. द्राक्षांच्या दिवसांत, हवा कोरडी झाली की त्याची छाती वाजायची. मी त्याला मांडीवर उभा धरून बसायची, कारण आडवा झाला की त्याला धाप लागायची. मुलीला गणित येत नव्हतं. मी दुपारी स्वतः ते पुस्तक वाचून शिकायची आणि संध्याकाळी तिला शिकवायची. हे मोठेपणा म्हणून सांगत नाही. शेजारणी हेच करत होत्या. फरक एवढाच की शेजारणींनी केलं तर ते कोणाच्या लक्षात येत नसे, आणि मी केलं की लोक म्हणत, "किती करते हो, सख्ख्या आईसारखं." त्यातला "सारखं" हा शब्द मला अंगावर गोम चढल्यासारखा वाटे.

नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आम्ही कबरस्तानात जायचो. कबर धुवायची, चुना द्यायचा, झेंडूच्या माळा, मेणबत्त्या. चुना मीच द्यायचे, कारण आजींना वाकता येत नसे आणि नवऱ्याला ते बघवत नसे. पुढच्या दगडावर तिचं नाव होतं आणि खाली "प्रेमळ पत्नी व माता". हाताला चुना लागून कातडी सोलायची. एकदा मुलीने विचारलं, "आजी, आई कशी होती गं?" आजी म्हणाल्या, "देवदूत होती. कधी आवाज चढवला नाही तिने."

मी ब्रश खाली ठेवला. मुलगी तेव्हा बारा-तेराची असेल. फोटोतल्या त्या गंभीर बाईला बघून बघून तिने आपली आई म्हणून काहीतरी एक फिकट चित्र करून ठेवलं होतं. मला वाटलं, खरी होती ती हिला कळायला हवी. घरी परतताना मी तिला चिंचेची गोष्ट सांगितली. मास्तरांशी झालेलं भांडण सांगितलं. तिचं हसणं कसं होतं ते करून दाखवायचा प्रयत्न केला.

मुलगी रस्त्यात थांबली. "माझ्या आईबद्दल तू काही बोलू नकोस," ती म्हणाली.

"अगं, मी चांगलंच सांगतेय."

"तू तिच्या जागेवर आलीस. तू बोलू नकोस."

हे शब्द तिचे नव्हते, हे मला कळत होतं. बारा वर्षांच्या मुलीला कुठून सुचणार? पण तोंड तिचं होतं. मी नंतर कधी काही सांगितलं नाही. गायनमंडळातल्या माझ्या त्या मैत्रिणीला मी तिथेच त्या रस्त्यावर सोडलं आणि घरी भिंतीवरच्या देवदूताला उदबत्ती नाही, पण हार घालत राहिले.

त्या दिवसांत शेजारी कळवणकडचं एक कुटुंब राहत होतं. नवरा प्रेसमध्येच, बायको मोकळ्या मनाची. चैत्रात वणीला गडावर देवीला जाऊन आली की न चुकता प्रसाद आणून द्यायची. आम्ही ख्रिस्ती, घेऊ की नाही याचा विचारही तिच्या मनात यायचा नाही. तिला मी एकदा हे फुलांचं सांगितलं. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, तुम्ही लय मनाला लावून घेता. गडावरच्या आईला कुठं पोटची लेकरं हायेत? सारा मुलूख तिला आईच म्हणतो ना?"

"तिला सारा मुलूख म्हणतो," मी म्हणाले. "मला फक्त दोघांनी म्हणायचं होतं."

ती उठली. मग म्हणाली, "ते बी खरंय," आणि माझ्यासाठी चहा टाकला. या सगळ्या वर्षांत मला पटलेलं एवढंच एक सांत्वन.

मुलीचं लग्न ठरलं. पुण्याचा मुलगा, चांगली नोकरी, घरचे सुशिक्षित. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात जाहीर वाचतात की अमक्याचा मुलगा आणि तमक्याची मुलगी यांचा विवाह होणार आहे, कोणाची हरकत असेल तर सांगावी. तीन रविवार मी ऐकलं, तिच्या वडिलांचं नाव आणि "स्वर्गवासी" लावून तिच्या आईचं नाव. बरोबरच होतं ते. जन्म दिला तिचं नाव येणार. पण तिसऱ्या रविवारी मला वाटलं, कोणाची हरकत आहे का, असं ते विचारतात तेव्हा आपण उठावं. काय म्हणणार होते, ते मलाही माहीत नव्हतं. नुसतंच उठावंसं वाटलं.

हळदीला पहिली हळद आईने लावायची. आजींनी लावली. वेदीसमोर मुलीकडची मेणबत्ती आईने पेटवायची. आजींनी पेटवली, हात थरथरत होते म्हणून मीच त्यांचं कोपर धरलं होतं. फोटोत माझा हात दिसतो, कोपरापर्यंत. जेवणाच्या वेळी विहीणबाई माझ्याजवळ आल्या, माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "आई नसलेली पोर, पण तुम्ही काय वळण लावलंत हो!"

मी म्हणाले, "तुम्ही गोड घेतलं का? जिलेबी गरम आहे."

नवरा निवृत्त झाल्यावर लवकरच गेला. झोपेतच. त्याच्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही. भला माणूस होता. आयुष्यभर कोणालाही न दुखावता जगायचं त्याने ठरवलं होतं आणि त्यासाठी रोज कोणाला तरी बसवून ठेवावं लागतं, एवढंच त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला पहिल्या बायकोच्या शेजारी पुरलं. जागा आधीपासून राखलेली होती. त्या कबरीच्या पलीकडे भिंत आहे.

मुलगा नोकरीसाठी आखातात गेला. मुलीला मुलगी झाली. बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण, यावर पुण्यात बरीच चर्चा झाली असावी. शेवटी मुलीची ऑफिसातली मैत्रीण झाली. मला मुलीने फोनवर सांगितलं, "मम्मी, तुला वाईट नाही ना वाटलं? धर्ममाता म्हणजे पुढे मुलीच्या आयुष्यात राहणारी कोणीतरी तरुण हवी ना." मग लगेच म्हणाली, "आणि हो, माझी सुट्टी संपतेय. तू सहा महिने येशील ना?"

मी गेले. ते सहा महिने माझ्या आयुष्यातले चांगले होते, हे खोटं कशाला सांगू. बाळाला न्हाऊमाखू घालताना, तिच्या टाळूला तेल चोळताना मला कोणी सख्खं-सावत्र विचारत नव्हतं. बाळ तर नाहीच.

आता जे सांगायचं होतं ते. गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या देवळात तरुण पाळक आले. शिकलेले, गिटार वाजवणारे, बायकोही शिकलेली आणि मनाने चांगली. त्यांनी पहिल्याच वर्षी दोन टोपल्यांची पद्धत बंद केली. पाळकीणबाई माझ्या घरी आल्या, सलाम झाला, पाणी झालं आणि त्यांनी समजावून सांगितलं. मातृत्व म्हणजे फक्त जन्म देणं नाही. शिक्षिका आई असते, नर्स आई असते, लग्न न केलेली मावशी आई असते. प्रभूने क्रुसावरून स्वतःच्या आईला दुसऱ्याच्या हाती सोपवलं, तेव्हाच रक्ताबाहेरचं मातृत्व सुरू झालं. या वर्षी देवळातल्या प्रत्येक स्त्रीला एकच गुलाबी फूल मिळणार, शाळेतल्या मुलींनासुद्धा.

"प्रत्येक स्त्रीला?" मी विचारलं.

"हो ना. कोणी वगळलं जाऊ नये."

मी ऐकत होते. ज्या मानासाठी मी इतकी वर्षं बसून राहिले, तो आता फूल म्हणून सगळ्यांना वाटणार होते. दम्याच्या पोराला मांडीवर धरणारीलाही आणि नववीत शिकणाऱ्या मुलीलाही. मला वगळलं होतं तेव्हा निदान त्या मानाला किंमत होती.

"आणि ताई, त्या दिवशी तुम्ही पुढे येऊन साक्ष द्यावी, आपला अनुभव सांगावा, अशी आमची फार इच्छा आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकं निःस्वार्थ मातृत्व या मंडळीत दुसरं कोणाचं?"

मी नाही म्हणाले. त्या हसून म्हणाल्या, "प्रार्थना करा, मग ठरवा." आमच्यात हे वाक्य आलं की ठरलेलंच असतं. पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. तिला पाळकीणबाईंनी परस्पर कळवलं होतं. ती नातीला घेऊन येणार होती, खास.

त्या रविवारी देऊळ भरलं होतं. पंखे नुसते गरम वारा फिरवत होते. सगळ्या बायकांच्या पदरावर गुलाबी फुलं. पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत आजी होत्या. नव्वदीच्या घरात, पण नजर तशीच. मुलगी माझ्या शेजारी, तिच्या मांडीवर नात, तीही फूल लावून, पाकळ्या तोडत.

पाळकांनी माझी ओळख करून दिली. "दुसऱ्याच्या लेकरांना जिने कसलीही अपेक्षा न ठेवता वाढवलं," असं म्हणाले. मी पुढे गेले, माईक हातात घेतला. मी घरून चार बरी वाक्यं ठरवून आले होते. देवाचे आभार, मंडळीचे आभार. पण ते "अपेक्षा न ठेवता" कानात घुमत होतं.

मी म्हणाले, "पाळकसाहेबांनी सांगितलं ते बरोबर नाही. मला अपेक्षा होती. या दोन मुलांनी मला आई म्हणावं, एवढी एकच. ती पहिल्या दिवसापासून होती आणि आजही आहे. ते झालं नाही. मुलांचा दोष नाही, ती लहान होती. पण मी निःस्वार्थ नव्हते. असं कोणी म्हणू नये. निःस्वार्थ म्हटलं की कोणी काही देणं लागत नाही."

एवढं बोलून मी माईक ठेवला. कीबोर्डवर बसलेल्या मुलाने घाबरून पुढचं गीत सुरू केलं आणि मंडळी उभी राहिली. मी बाकावर आले तेव्हा मुलगी माझ्याकडे न बघता नातीच्या फ्रॉकवरच्या पाकळ्या झटकत होती.

उपासना संपल्यावर अंगणात चिंचेखाली सरबत होतं. लोक मला सलाम करून लगबगीने पुढे जात होते. आजींनी खुर्ची माझ्याकडे वळवायला लावली. ढकलणाऱ्या बाईला म्हणाल्या, "तू जा जरा." मग मला म्हणाल्या, "माझ्यावरच बोललीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"बरं केलंस. तोंडावर बोललीस." त्यांनी श्वास घेतला. "पोरांनी तुला आई म्हटलं असतं ना, तर माझी मुलगी कुठेच उरली नसती. दीड वर्षात धाकटा तिला विसरला होता. फोटो दाखवला तर म्हणायचा, ही कोण? मी काय करायला हवं होतं? माझ्याकडे तिचं काही नव्हतं. तेवढा एक शब्द होता."

मला त्यांचं म्हणणं कळलं. खरं तर मला ते आधीच कळायला हवं होतं, कारण त्याही आईपणच करत होत्या, मेलेल्या लेकीचं. दोघींना मिळून एकच शब्द होता आणि त्यांनी तो आधी पकडला.

"तिला तुम्ही देवदूत केलंत," मी म्हणाले. "ती तशी नव्हती. चांगली होती, पण तशी नव्हती."

"मला माहीत आहे ती कशी होती," आजी म्हणाल्या. "मी वाढवली तिला." आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी त्यांचा हात धरला नाही, त्यांनीही पुढे केला नाही. वाचणाऱ्याला वाटेल की इथे आम्ही रडलो असू. नाही रडलो. सरबताचे ग्लास गोळा करणाऱ्या बाईने विचारलं, "झालं का?" आणि मी माझा ग्लास दिला.

रिक्षात मुलगी म्हणाली, "सगळ्यांसमोर बोलायची गरज होती का?"

"सगळ्यांसमोर बोलवलं होतं."

"लोकांना वाटेल आम्ही तुला कधी काही केलंच नाही."

"असं मी म्हटलं नाही."

ती संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. मुलाला कोणीतरी व्हिडिओ पाठवला होता. त्याने मला उंच केलेला अंगठा आणि जोडलेले हात पाठवले. त्याला काय म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

चार दिवसांनी मुलीचा फोन आला. "आई, जेवलीस का?" ती म्हणाली.

मला आधी कळेना की ती कोणाशी बोलतेय. मग कळलं. पुढेही ती बोलत राहिली, आई, गोळी घेतली का, आई, उन्हात जाऊ नकोस. प्रत्येक वेळी शब्दाआधी किंचित थांबत होती, नव्या नोकरीत साहेबांचं नाव आठवावं तशी. तिच्या नवऱ्याने सांगितलं असेल, किंवा पाळकीणबाईंनी. मी तो शब्द कानाने घेतला आणि काहीच झालं नाही. भूक मरून गेल्यावर पान वाढावं तसं. ती आता माझ्यापुढे गणिताचं पुस्तक घेऊन बसलेली मुलगी नव्हती. ती चाळिशीकडे आलेली एक दमलेली बाई होती आणि मला खूश करायचा प्रयत्न करत होती.

"मम्मीच म्हण," मी म्हणाले. "सवय आहे."

"नक्की ना?" तिच्या आवाजातला सुटकेचा निःश्वास मला स्पष्ट ऐकू आला. मग लगेच तिचा नेहमीचा सूर आला. पाळणाघर जूनमध्ये बंद राहणार होतं, तिच्या ऑफिसात कामाचा डोंगर होता. "मम्मी, तू महिनाभर येशील ना?"

मी खिडकीबाहेर पाहत होते. समोरच्या बिल्डिंगपाशी पाण्याचा टँकर आला होता आणि बायका पाइप ओढत होत्या.

"या वेळी नाही जमणार," मी म्हणाले.

"का गं? तब्येत?"

"तब्येत बरी आहे. नाही जमणार."

तिने पुन्हा विचारलं नाही. जूनमध्ये तिने पूर्ण दिवसाची बाई ठेवली. फोन येतात, पूर्वीइतके नाहीत. मला वाटलं होतं की नाही म्हटल्यावर काहीतरी हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या पहिल्या आठवड्यात मी सवयीने नातीसाठी म्हणून नाचणीचं सत्त्व करून ठेवलं होतं, ते तसंच डब्यात होतं. शेवटी पाण्यात शिजवून मीच सकाळी घेऊ लागले. चव बेताची आहे, पण दोन घास पोटात गेल्यासारखे वाटतात आणि दुपारपर्यंत पुन्हा गॅस पेटवावा लागत नाही.